मंगळवारचा भाव, शनिवारची खोली

कामशेतच्या माणसाला सुट्टीचा धंदा काउंटरच्या आतल्या बाजूने दिसतो. पावसाला सुरुवात झाली की शनिवारी दुपारपासून पवनानगरच्या रस्त्याला मुंबई-पुण्याच्या गाड्यांची रांग लागते. पवना धरणाकाठचे बंगले, तंबू, शेतघरं भरून जातात. ज्या बंगल्याला शनिवारी मागाल तो भाव मिळतो, तोच मंगळवारी निम्म्या भावातही कुणी विचारत नाही. खोली तीच, समोरचा तिकोना किल्ला तोच, सकाळचे पोहेही तेच. पण विकायला ठेवलेला माल वेगळा. मंगळवारची न खपलेली रात्र बुधवारी विकता येत नाही, ती गेलीच. म्हणून ज्याच्याकडे पाच-पंचवीस खोल्या आहेत त्याची खरी डोकेदुखी शनिवार नसतो, आठवड्यातले उरलेले दिवस असतात. हे इथल्या चहाच्या टपरीवाल्यालाही ठाऊक आहे.

हेच लोक स्वतः गिऱ्हाईक होऊन टेबलापलीकडे बसले की हे शहाणपण कुठे जातं, हा मला पडलेला प्रश्न आहे. पॉइंटवर चालणारी सुट्टीची मेंबरशिप विकण्याची रीत आता सगळ्यांच्या परिचयाची आहे. फोन येतो, तुमचा नंबर निवडला गेलाय. नवरा-बायको दोघांनीच यायचं. तीन रात्रींचं व्हाउचर फुकट. मग एखाद्या हॉटेलच्या हॉलमध्ये दोन तास डोंगर, समुद्र आणि तरण तलावांची चित्रं दाखवतात आणि शेवटी 'ही किंमत फक्त आजच' असं सांगतात. गोव्याच्या किनाऱ्यावर हेच काम स्क्रॅच कार्डवर चालतं. पुढे जे दोघे बोलताहेत ते कल्पित आहेत, पण अशी घरं मावळात शेकड्यांनी सापडतील. दीर तळेगावच्या कारखान्यात सुपरवायझर आहे, सही करायला जवळजवळ तयार आहे. वहिनी पतसंस्थेत हिशेब बघतात. दोघांचंही म्हणणं पूर्ण ऐकावं असं आहे. मला राहवलं नाही तिथे मीही तोंड घातलं आहे.

भाऊजी : वहिनी, ऐकायच्या आधी नाक मुरडू नका. चार लाख भरायचे, तेही हप्त्याने. पंचवीस वर्षं दर वर्षी हजार पॉइंट आपल्या खात्यात जमा. मुन्नारला जा, गोव्याला जा, महाबळेश्वरला जा. खोलीत छोटं स्वयंपाकघर असतं, त्यामुळे आई-दादांना बरोबर नेता येतं. त्यांना हॉटेलचं तिखट-तेलकट चालत नाही. आज शनिवारची चांगली खोली आठ हजारांना पडते, वीस-बावीस वर्षांनी तीच तीस हजारांना पडेल. आपण आजच्या भावात पंचवीस वर्षांच्या सुट्ट्या घेऊन ठेवतोय. आणि खरं सांगू का, पैसे भरलेले असले की माणूस जातो तरी. नाहीतर आपल्या घरात मे महिना लग्नं आणि भाताच्या रोपांची तयारी यातच सरतो, पोरं आजोळच्या पुढे जात नाहीत.

वहिनी : पोरांना न्यायलाच हवं, त्यात वाद नाही. पण तुम्ही विकत काय घेताय ते आधी ठरवू. पॉइंट म्हणजे रुपया नव्हे, रुपया कुठल्याही दुकानात चालतो. पॉइंट म्हणजे खोलीही नव्हे, कारण सातबाऱ्यावर, मालमत्ता पत्रकावर, इंडेक्स टूवर कुठेच तुमचं नाव लागत नाही. तुम्ही घेताय तो खोली मागण्याचा हक्क. लोकलचा पास काढला की लोणावळा गाडीत चढता येतं. बसायला जागा मिळेल असं पासावर लिहिलेलं नसतं. आणि एका रात्रीला किती पॉइंट पडतील हे ज्या तक्त्यात लिहिलंय, तो तक्ता तुमच्या करारात आहे का, की कंपनीच्या वेबसाइटवर आहे आणि 'वेळोवेळी बदलू शकतो' अशी ओळ करारात आहे? भाऊजी, अख्ख्या व्यवहाराचा जीव त्या तक्त्यात आहे.

तक्ता का आला, हे कळायला थोडं मागे जावं लागतं. टाइमशेअरची कल्पना 1960च्या दशकातली, युरोपातली. आल्प्समधली खोली बारा महिने परवडत नाही, तर बावन्न आठवड्यांचे बावन्न गिऱ्हाईक शोधावेत, असा सरळ विचार होता. स्वित्झर्लंडची हापिमाग कंपनी 1963 साली निघाली. एकाचा आठवडा दुसऱ्याच्या आठवड्याशी बदलून देणारी आरसीआय 1974 साली अमेरिकेत सुरू झाली आणि तिने आठवड्यांना लाल, पांढरा, निळा असे मोसमाचे रंग दिले. भारतात स्टर्लिंग 1986 साली आली, महिंद्रा हॉलिडेज 1996 साली. सुरुवातीच्या ठरलेल्या आठवड्याची जागा पुढे 'या रंगाच्या मोसमातला कुठलाही आठवडा' याने घेतली, आणि त्याच्या पुढची पायरी पॉइंटची : रात्री सुट्या करा, एक दिवस इथे, तीन दिवस तिथे, लहान खोली, मोठी खोली, सगळ्याला एकच चलन. डिस्नेने 1991 साली आपला क्लब पॉइंटवरच काढला. दर पायरीला सभासदाची सोय वाढत गेली, हे मान्य करायला हवं. ज्याचा आठवडा ठरलेला होता त्याला घरात आजारपण निघालं की वर्ष वाया जायचं. पण त्याच्याकडे काय आहे हे त्याला ठाऊक होतं. पॉइंटवाल्याकडे काय आहे हे दर वर्षी तक्ता बघून ठरतं, आणि तक्ता त्याच्या हातात नसतो. सोय वाढली तशी अनिश्चितता कंपनीच्या खांद्यावरून सभासदाच्या खांद्यावर आली. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली मुख्य गोष्ट हीच आहे, आणि जाहिरातीत ती कधीच नसते.

भाऊजी : तक्ता मी पाहिलाय. आडदिवशी साध्या खोलीला रात्रीचे 60 पॉइंट. हजार पॉइंटांत सोळा रात्री! चार लाख भागिले पंचवीस म्हणजे वर्षाला सोळा हजार, भागिले सोळा. रात्र हजार रुपयांत पडली, वहिनी. कामशेतच्या लॉजमध्येसुद्धा हल्ली धड खोली या भावात मिळत नाही.

वहिनी : आणि त्याच तक्त्यात गर्दीच्या दिवसातल्या शनिवारला किती लिहिलेत? 160. म्हणजे सोळाच्या सहा रात्री झाल्या. आता मला सांगा, तुम्हाला रजा कधी मिळते? गणपतीत, दिवाळीत आणि मे महिन्यात पोरांची शाळा बंद असते तेव्हा. एरवी शनिवार-रविवार. म्हणजे तुमच्या नशिबी तक्त्यातला सगळ्यात महाग रकानाच आहे. तुम्हाला भाव सांगितला मंगळवारचा, खोली लागणार शनिवारची. बरं, रंगही जागेप्रमाणे फिरतो. बाकीच्या थंड हवेच्या गावांत पावसाळा मंदीचा, तिथे पॉइंट कमी. आपल्या लोणावळ्यात उलटं. भुशी धरण वाहायला लागलं की तिथला शनिवार दिवाळीपेक्षा महाग. बाहेरच्या गिऱ्हाइकाला वाटतं पावसाळा म्हणजे ऑफ सीझन. तुम्ही तर मावळात जन्मलात.

दिराचा आनंद जिथून येतो ती जागा नीट बघितली पाहिजे, कारण बहुतेक सह्या तिथेच होतात. 'वर्षाला सोळा हजार' हा हिशेब तीन गोष्टी गाळून उभा राहतो. पहिली, मेंबरशिपवरचा 18 टक्के जीएसटी. चार लाखांचे 4,72,000 होतात. दुसरी, वार्षिक शुल्क. जा किंवा जाऊ नका, ते दर वर्षी भरावं लागतं, थकलं की बुकिंग अडतं, आणि सहसा ते महागाईबरोबर वाढण्याची तरतूद करारातच असते. उदाहरणादाखल वीस हजार धरले तर करासह 23,600. दर वर्षी 6 टक्के वाढलं तर पंचवीस वर्षांत केवळ वार्षिक शुल्कापोटी जवळजवळ 13 लाख रुपये जातात, म्हणजे प्रवेशाच्या रकमेच्या पावणेतीन पट. हॉलमधल्या पाटीवर मोठा आकडा चार लाखांचा असतो आणि बारीक अक्षरात जो असतो तो खरा मोठा. तिसरी गोष्ट म्हणजे व्याज. एकदम दिलेले पैसे पतसंस्थेत किंवा बँकेत ठेवले असते तर वाढले असते. आणि हप्त्याने दिले तर व्याज उलट्या दिशेने लागतं.

वहिनी : मी तुमच्या बाजूने हिशेब मांडते, म्हणजे वहिनीने मुद्दाम वाकडं दाखवलं असं व्हायला नको. ठेवीला 7 टक्के धरले. हॉटेलचे दर वर्षाला 6 टक्क्यांनी वाढतील असं धरलं, तुमचं वार्षिक शुल्कही तितकंच. म्हणजे तुमचा महागाईचा मुद्दा मी आधीच मान्य करून टाकला. सगळं आजच्या रुपयांत आणलं तर ही मेंबरशिप तुम्हाला वर्षाला साधारण 46,000 रुपयांना पडते. सोळा आडदिवस वापरलेत तर रात्र 2,900 ला. ती चांगली आहे, मी नाही म्हणत नाही. सहा शनिवार वापरलेत तर रात्र 7,700 ला. तुम्हीच म्हणालात आज शनिवारची खोली आठ हजारांना मिळते. म्हणजे फायदा रात्रीमागे तीनशे रुपये, आणि त्यासाठी पंचवीस वर्षं बांधून घ्यायचं. आता वर्षातली एक रात्र हुकू द्या. आईंचं आजारपण, रजा नामंजूर, पाहिजे ती तारीख फुल. सहाच्या पाच झाल्या की रात्र 9,200 च्या वर जाते. फायदा संपला, तोटा सुरू. किंवा तुम्ही एकही रात्र हुकू देऊ नका, फक्त कंपनीने पुढच्या वर्षी तक्त्यात 160 चे 200 केले असं समजा. पुन्हा पाचच रात्री. तुमचा सगळा नफा त्या एका रात्रीवर उभा आहे, आणि ती रात्र काढून घ्यायला त्यांना तुमची सही लागत नाही.

भाऊजी : पण न वापरलेले पॉइंट पुढच्या वर्षी जातात. शिवाय पुढच्या वर्षीचे आधी उचलताही येतात. तसं त्यांनी लेखी दिलंय.

वहिनी : पुढे जातात, पण किती वर्षं? ती मुदत संपली की बाद होतात. आणि साठवलेले पॉइंट घेऊन तुम्ही उभे राहणार त्याच रांगेत, त्याच दिवाळीसाठी. बुकिंगची खिडकी कुणाला किती महिने आधी उघडते ते विचारलंत? महागड्या श्रेणीच्या सभासदाला आधी, साध्याला नंतर, असं असेल तर तुमची पाळी येईपर्यंत दिवाळीच्या खोल्या गेलेल्या असतील. तक्रार केलीत तर उत्तर तयार असतं, पॉइंट आहेत ना तुमच्या खात्यात, दुसरी तारीख घ्या. पॉइंट बुडाले असं कधी म्हणता येत नाही. हवे तेव्हा वापरता येत नाहीत, एवढंच.

इथे कंपनीची बाजू मांडणारा कुणी नाही, म्हणून ती मी मांडतो. खोल्या मर्यादित आहेत, वर्षाला तीनशे पासष्ट रात्री आहेत, आणि सगळ्या सभासदांना त्यातल्या साठ-सत्तरच हव्या असतात. गर्दीच्या दिवसाला जास्त पॉइंट लावले नाहीत तर सगळेच दिवाळीला येऊन धडकतील आणि फेब्रुवारीत खोल्या ओस पडतील. तक्ता बदलण्याची मुभा नसेल तर पंचवीस वर्षांत एखादं गाव मागे पडलं, दुसरं वर आलं, तरी जुनेच आकडे चालवावे लागतील. हे रास्त आहे, आणि पवनेकाठचा बंगलेवालाही शनिवारला भाव चढवतो तो याच कारणाने. फरक एका गोष्टीचा आहे. बंगलेवाल्याने भाव चढवला तर गिऱ्हाईक पुढच्या बंगल्यावर जातं. त्याचे पैसे त्याच्या खिशात असतात. पॉइंटवाल्याने ते आधीच देऊन टाकलेले असतात. आडदिवसाची सवलत तर उघड्या बाजारातही मिळते, पंचवीस वर्षांचा करार न करता. शिवाय 22 सप्टेंबर 2025 पासून साडेसात हजारांपर्यंतच्या हॉटेलच्या खोलीवर जीएसटी 5 टक्क्यांवर आला आहे. मेंबरशिपवर तो 18 टक्केच. एका रात्रीवरच्या दोन करांतली ही तफावत विक्रेत्याच्या तोंडून ऐकायला मिळणार नाही.

भाऊजी : बरं, समजा नाही जमलं जायला. तर मेंबरशिप विकून टाकू. किंवा पोरांच्या नावावर करू. शेवटी ही एक गुंतवणूकच आहे.

वहिनी : हा शब्द पुन्हा काढू नका. गुंतवणूक म्हणून विकलेल्या हॉटेलच्या रात्रींचं काय झालं ते पुण्यात कुणालाही विचारा. बाणेरला पॅनकार्ड क्लब रोड आहे, पाट्यांवर ते नाव आजही वाचायला मिळतं.

हा दाखला नीट सांगायला हवा. पॅनकार्ड क्लब्ज ही मुंबईची कंपनी. तिने लोकांना हॉटेलच्या रात्री आगाऊ विकल्या, काही वर्षांच्या मुदतीच्या योजना काढल्या, आणि रात्री वापरल्या नाहीत तर मुदतीअखेर वाढीव रक्कम परत मिळेल असं ठेवलं. एजंट घरोघरचे, ओळखीचे, मराठी. पैसे भरणारेही बहुतेक तसेच, पेन्शनर, दुकानदार, नोकरदार. सेबीने 29 फेब्रुवारी 2016च्या आदेशात म्हटलं की ही सुट्टीची विक्री नव्हे, परवान्याशिवाय चालवलेली सामूहिक गुंतवणूक योजना आहे. आकडे होते 51 लाखांहून अधिक गुंतवणूकदार आणि 7,035 कोटी रुपये. 2017 साली अपील न्यायाधिकरणाने आदेश कायम ठेवला, 2022 साली प्रकरण दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेलं. पॅनकार्डवरच्या आदेशाच्या आदल्या वर्षी, म्हणजे ऑगस्ट 2015 मध्ये, मुंबईच्याच रॉयल ट्विंकल स्टार क्लबच्या सुट्टी-योजनांबद्दल सेबीने असाच निष्कर्ष काढला होता. दोन्हीकडे प्रश्न एकच विचारला गेला : माणूस पैसे कशासाठी भरत होता, राहण्यासाठी की परताव्यासाठी? राहण्यासाठी भरलेले पैसे राहून वसूल होतात. परताव्यासाठी भरलेले पैसे वसूल व्हायला मागून कुणीतरी नवा भरणारा यावा लागतो. म्हणून सुट्टीची मेंबरशिप विकणारा 'नाही गेलात तरी पैसे वाढून परत' म्हणू लागला की तिथून उठावं. उलट, जो विक्रेता स्वच्छ सांगतो की हे पैसे परत मिळायचे नाहीत, त्याच्याशी निदान बोलता येतं.

भाऊजी : म्हणजे सगळ्या कंपन्या एकाच माळेचे मणी? मोठ्या, शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्याही? त्यांचे लाखो सभासद आहेत, ते काय सगळे फसले?

वहिनी : नाही. सगळ्यांना एका मापाने मोजणं चूकच. नोंदलेल्या कंपनीचा ताळेबंद वाचता येतो, हा फार मोठा फरक आहे. आणि ताळेबंदच सांगतो की हे काय आहे. महिंद्रा हॉलिडेजचं उदाहरण घ्या. पूर्वी सभासदाकडून आलेल्या प्रवेशाच्या रकमेचा मोठा भाग ती कंपनी त्याच वर्षीचं उत्पन्न म्हणून दाखवायची. 1 एप्रिल 2018 पासून नवं हिशेब-मानक लागू झालं, आणि तेव्हापासून ती रक्कम मेंबरशिपच्या वर्षांवर पसरून थोडी थोडी उत्पन्नात घ्यावी लागते. उरलेली दायित्वाच्या बाजूला बसते. म्हणजे हिशेबाच्या भाषेत तुम्ही आगाऊ पैसे दिलेले गिऱ्हाईक आहात, सेवा अजून द्यायची बाकी आहे. मालक नाही, भागीदार नाही, ठेवीदारही नाही. पंचवीस वर्षांच्या सेवेचे पैसे पहिल्या काही वर्षांत चुकते करणारं गिऱ्हाईक. ते मोठ्या कंपनीला द्यायला हरकत नाही, पण काय दिलं हे माहीत असावं. विकायचं म्हणालात तर एक सोपी परीक्षा आहे. इंटरनेटवर जुन्या सभासदांच्या विक्रीच्या जाहिराती बघा, ते काय भाव मागतात आणि नाव बदलायला कंपनी किती शुल्क घेते ते विचारा. स्वस्तात जुनी मिळत असेल, तर नवी घेऊन तुम्ही पहिल्या दिवशी किती गमावता ते कळेल.

वहिनींच्या हिशेबाला एक उत्तर मात्र दिराच्या पहिल्याच बोलण्यात होतं आणि ते अजून खोडलं गेलेलं नाही : पैसे भरलेले असले की माणूस जातो. हा मुद्दा हलका नाही. मराठी मध्यमवर्गीय घरात सुट्टीचा खर्च नेहमी शेवटच्या रांगेत उभा असतो; फी, औषधं, घराचा हप्ता, लग्नातला आहेर यांतून उरलं तर. अशा घरात आगाऊ भरलेले पैसे एक प्रकारची सक्ती करतात आणि त्या सक्तीने म्हातारे आई-वडील एकदा समुद्र पाहून येतात. हा फायदा रात्रीमागच्या रुपयांत मोजता येत नाही. पण याच सक्तीची दुसरी बाजूही आहे. पॉइंट बाद होतील म्हणून न परवडणारा विमानाचा खर्च करणं, जिथे जायचं नव्हतं तिथे जाणं, रिसॉर्टच्या जेवणाची बिलं भरणं. मेंबरशिपमध्ये फक्त छप्पर मिळतं. प्रवास, जेवण, परदेशी अदलाबदलीचं वेगळं शुल्क, सगळं वर. ज्याला सक्तीच हवी आहे त्याला पतसंस्थेत सुट्टीच्या नावाने आवर्ती ठेव काढता येते, आणि ती मोडायला कुणाची परवानगी लागत नाही. अर्थात मोडता येते म्हणूनच ती मोडली जाते, असं दीर म्हणेल, आणि त्यातही तथ्य आहे.

भाऊजी : मग घ्यावी कुणी? की कुणीच घेऊ नये?

वहिनी : ज्याला मंगळवारी जाता येतं त्याने घ्यावी. रिटायर झालेलं जोडपं, पाय धड आहेत, दर वर्षी आठ-दहा दिवस बाहेर पडायची सवय आधीपासून आहे, फेब्रुवारीत जा की सप्टेंबरात, फरक पडत नाही. त्यांना रात्र खरोखर स्वस्त पडते. पण त्यांनी पंचवीस वर्षांची घेऊ नये, दहाची असेल तर बघावी. तुमच्यासारख्याने घ्यायचीच असेल तर आधी एक करा. त्यांच्या हॉलमध्ये बसलेले असतानाच म्हणा, कॉम्प्युटर उघडा, माझ्या श्रेणीच्या सभासदाच्या खात्यातून येत्या दिवाळीत, दोन खोल्या, या तीन गावांत, आत्ता माझ्यासमोर शोधून दाखवा. फोटो नको, माहितीपुस्तिका नको, शोधाची स्क्रीन दाखवा. आणि गेल्या पाच वर्षांचे तक्ते मागा. वार्षिक शुल्क पाच वर्षांपूर्वी किती होतं आणि आता किती, एवढे दोन आकडे लिहून मागा. देणार नसतील तर तेही एक उत्तरच आहे.

कायद्याचा आधार किती, हेही सांगून ठेवतो. टाइमशेअरसाठी आपल्याकडे स्वतंत्र कायदा नाही. युरोपीय संघात 2008च्या निर्देशानुसार सहीनंतर चौदा दिवस कारण न देता माघार घेता येते आणि त्या मुदतीत विक्रेत्याला एक पैसाही आगाऊ घेता येत नाही. आपल्याकडे माघारीची मुदत मिळते ती कंपनीने करारात दिली असेल तेवढीच. पण ग्राहक संरक्षण कायदा 2019 कामाला येतो, आणि तो कागदावरच्या धमकावणीपेक्षा बराच मजबूत आहे. 'वाद फक्त अमुक शहराच्या न्यायालयात' असं करारात छापलेलं असलं तरी कामशेतच्या ग्राहकाला तो जिथे राहतो तिथल्या, म्हणजे पुणे जिल्हा आयोगात तक्रार करता येते. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फीही नाही. लवादाचं कलम असलं तरी ग्राहक आयोगाचं दार बंद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली एमार एमजीएफ प्रकरणात स्पष्ट केलं आहे. ग्राहकाला तोट्यात ढकलणारी अवाजवी अट किंवा शुल्क लादणाऱ्या कराराला 'अन्याय्य करार' म्हणून राज्य आयोगापुढे आव्हान देता येतं. तक्रारीला मुदत दोन वर्षांची. आधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद केली तर पुष्कळ वेळा मधल्या मार्गाने काही निघतं. मात्र विक्रेता तोंडी काय म्हणाला याला आयोगापुढे फारसा अर्थ राहत नाही. 'दिवाळीला नक्की मिळेल' हे वाक्य ईमेलवर मागा. बहुतेकदा ते येत नाही.

भाऊजी : ते म्हणतात आजच सही केली तर पन्नास हजार कमी.

वहिनी : उद्या जाऊन विचारा. आणि सही केलीच, तर करारातली माघारीची मुदत आधी शोधा. ती सहीच्या दिवसापासून मोजतात की कागद हातात पडल्यापासून, ते बघा. सही शनिवारी होते, करार कुरिअरने यायला आठवडा लागतो, आणि तोवर मुदतीतले बरेच दिवस गेलेले असतात. मन बदललं तर त्यांच्या माणसाला फोन करून सांगत बसू नका, तो तुम्हाला भेटायला बोलावेल. करारात दिलेल्या पत्त्यावर ईमेल करा आणि स्पीड पोस्टाने पत्रही पाठवा, दोन्हीची पोच ठेवा, आणि बँकेत जाऊन पुढच्या हप्त्यांचा आदेश त्याच दिवशी थांबवा.